चार वाजता बोलणारं कपाट

चंद्रहासरावांना कपाट हवं होतं ते कपड्यांसाठी नव्हे, शाळेसाठी.

शाळा तशी लहानच होती. पटावर एकच नाव : उर्वी, वय वर्षं नऊ, शिक्षकांची सख्खी नात. वेळ रोज दुपारी चार ते पाच. स्थळ, मेलबर्नच्या पॉइंट कुक उपनगरातल्या मुलाच्या, विनयच्या घरातली पुढची खोली. चिंचवडला बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले चंद्रहासराव फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी मुलाकडे मेलबर्नला आले, मार्चमध्ये विमानं बंद झाली, आणि ऑगस्ट उजाडला तरी ते इथेच होते. पत्नी मीनाक्षीबाई गुडघ्याच्या दुखण्यामुळे आल्याच नव्हत्या. त्या तिकडे अडकल्या, हे इकडे. घरात दिवसभर लेकाच्या मीटिंगा, सुनेची फार्मसीतली शिफ्ट, बाहेर पडायला दिवसाकाठी एक तास. अशा दिवसांत माणसाला स्वतःचं असं काहीतरी लागतं. चंद्रहासरावांना चार ते पाच होतं.

अडचण होती बॅगांची. घराच्या नकाशात त्या खोलीचं नाव ‘स्टडी’ होतं, म्हणून बिल्डरने इतर खोल्यांना दिलं तसं भिंतीतलं कपाट तिला दिलं नव्हतं. अभ्यास करणाऱ्या माणसाला कपडे नसतात, असा त्याचा समज असावा. सहा महिने चंद्रहासराव जमिनीवरच्या दोन उघड्या बॅगांतून संसार करत होते. उर्वी वर्गात यायची ती एका बॅगेवरून उडी मारून आणि जायची दुसरीवरून. एका मंगळवारी विषुववृत्त शिकायला येताना ती अडखळली, आणि तिचा हलणारा दात थेट पृथ्वीच्या गोलावर आपटून न्यूझीलंडच्या आसपास कुठेतरी पडला.

दात पडायचाच होता, हे सगळ्यांना मान्य होतं. तरी सूनबाई मयूरा म्हणाली, “बाबा, उद्यापासून क्लास डायनिंग टेबलवर घ्या. त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही.”

डायनिंग टेबलवर विनयचं ऑफिस होतं. म्हणजे शाळा बंद.

समोरच्या घरातला नंदू मूळचा ठाण्याचा. लॉकडाऊनमध्ये त्याच्याकडे सल्ल्यांचा मोठा साठा पडून होता आणि तो रोज संध्याकाळी आपल्या ड्राइव्हवेत उभा राहून, मास्क हनुवटीवर ओढून, रस्त्यापलीकडून तो वाटत असे. “काका, नवीन कपाट घ्यायचं नाही हं. तीन महिन्यांनी डिलिव्हरी येईल आणि त्यात एक स्क्रू कमी असेल. मी लिंक पाठवतो.”

लिंकमध्ये एक फोटो होता. एका गॅरेजच्या अंधारात उभं असलेलं भलंमोठं, चकाकणारं, पोट पुढे आलेलं कपाट. खाली लिहिलं होतं, ‘इटालियन, १९५७. चांगल्या घराला फुकट.’

“फुकट?” चंद्रहासरावांनी विचारलं.

“काका, फुकट आहे म्हणजे जड आहे,” नंदू म्हणाला. “माझा ट्रेलर न्या.”

त्या दिवसांत घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी होती. चंद्रहासरावांनी नकाशाचा प्रिंट काढला, उर्वीच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं आणि पाच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. शेजारच्या हॉपर्स क्रॉसिंग उपनगराच्या कडेला असलेलं ते घर बरोबर पेन्सिलीच्या रेघेवर आलं. विनय म्हणाला, “मग आत की बाहेर?” चंद्रहासरावांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि पुन्हा वर्तुळ काढलं. पुन्हा रेघेवर.

मग सरकारी हेल्पलाइन. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक गोड आवाजाची बाई आली. कपाट ही गरजेची वस्तू आहे का, असं तिने विचारलं. चंद्रहासरावांनी तिला बॅगा, दात आणि न्यूझीलंड हे सगळं सविस्तर सांगितलं. ती गोंधळली. म्हणाली, कुणा वृद्ध माणसाला मदत म्हणून जात असाल तर चालेल. वृद्ध कोण आहे?

“मीच,” चंद्रहासराव म्हणाले.

“म्हणजे तुम्ही स्वतःच्या मदतीला चाललात?”

बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही शिक्षणाधिकाऱ्याने त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता. शेवटी त्या घरात शहाऐंशी वर्षांच्या आजी राहतात आणि त्यांना गॅरेज मोकळं करून हवंय, हे कळल्यावर बाई म्हणाली, “नो वरीज. मास्क लावा, लवकर परत या.”

रस्ते रिकामे होते. इतके, की सिग्नलला उभं राहिल्यावर आपण कुणासाठी थांबलोय हे आठवावं लागे. खेळाच्या बागेतल्या झोक्यांना लाल-पांढरी पट्टी गुंडाळलेली होती आणि वाऱ्याने पट्टीसकट एक झोका एकटाच हलत होता. चंद्रहासरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि उगाचच मान वळवली.

आजींचं नाव असुंता. त्या स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारामागे खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि जाळीतून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पांढरे केस आणि हातातला लाकडी ठोकळा दिसत होता. त्या ठोकळ्याने खुणा करत त्या सांगू लागल्या. कपाट त्यांच्या नवऱ्याने, एत्तोरेने, लग्नासाठी स्वतः बनवलं होतं. चार वर्षांनी बोटीतून ऑस्ट्रेलियाला आणलं. सुटं करून.

विनयने खिशातून षट्कोनी चावी काढली. “स्क्रू कुठेत?”

जाळीमागून हसण्याचा आवाज आला. “स्क्रू? एत्तोरे म्हणायचा, स्क्रू म्हणजे सुताराने दिलेला माफीनामा.”

त्या भल्यामोठ्या कपाटात एक खिळा नव्हता. मागच्या बाजूला वर तीन लाकडी पाचरी होत्या. असुंताआजी सांगतील त्या क्रमाने त्या ठोकून काढल्या आणि कपाट हळूहळू, एखाद्या म्हाताऱ्याने कोट उतरवावा तसं, आपणहून सुटं झालं. सात तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या आतल्या अंगाला बारीक पेन्सिलीने आकडा, आणि आकड्याशेजारी एक बाण. त्रेसष्ट वर्षांपूर्वीची पेन्सिल, आणि बोट लावलं तर बोटाला लागेल अशी ताजी. चंद्रहासरावांनी ते अक्षर पाहिलं आणि मनात म्हणाले, हा माणूस शिक्षक झाला असता तर बरं झालं असतं.

निघताना असुंताआजींनी जाळीवर बोटं टेकवली. “तो चार वाजता बोलतो. घाबरू नका. कॉफी ठेवत जा.”

गाडीत विनय म्हणाला, “बाबा, वय झालंय हो त्यांचं.”

“वय माझंही झालंय,” चंद्रहासराव म्हणाले.

घरी आल्यावर कपाट कुठे ठेवायचं हा प्रश्न मेलबर्नमध्ये नव्हे, चिंचवडमध्ये सुटला. फोनच्या पडद्यावर मीनाक्षीबाई होत्या. “अहो, पाठ दक्षिणेला. तोंड उत्तरेला. कुबेराची दिशा आहे ती.”

“अगं, हा दक्षिण गोलार्ध आहे,” चंद्रहासराव म्हणाले. त्यांना हा विषय आवडायचा. “इथे सूर्य उत्तरेकडून जातो. आपल्याकडे दक्षिणेचं जे ते इथे उत्तरेला. त्या हिशोबाने इथली वास्तू उलटी धरायला—”

“सूर्य फिरला म्हणून कुबेर घर बदलत नाही. पाठ दक्षिणेला.”

दक्षिणेच्या भिंतीला एकच मोकळी जागा होती, छतातून गरम हवा सोडणाऱ्या हीटरच्या जाळीच्या बरोबर खाली. तिथे तुकडे जोडले. पेन्सिलीचे आकडे एकापुढे एक येत गेले आणि विनयच्या हातात कुठलीही सूचनापत्रिका नसताना कपाट दहा मिनिटांत उभं राहिलं. शेवटी तीन पाचरी ठोकल्या. ठक्. ठक्. ठक्.

वर्गात सांगावं तसं सांगायचं तर : मुलांनो, एखादं पुस्तक मधोमध उघडा. डाव्या पानावर शाई ओली असती तर उजव्या पानावर तिचा उलटा ठसा उमटला असता ना? जुने सुतार अक्रोडाच्या ओंडक्याचा कागदासारखा पातळ पापुद्रा काढत, मग दुसरा, आणि ते दोन्ही असे पुस्तकासारखे उघडून दोन दारांवर चिकटवत. डाव्या दारावर जी लाकडाची रेघ, तीच उजव्या दारावर उलटी. त्यामुळे दार बंद केलं की मधोमध कसली तरी आकृती तयार होते. कधी फुलपाखरू, कधी घुबड. एत्तोरेच्या कपाटावर चेहरा तयार झाला होता. लांबट, जाड भुवयांचा, किंचित हसणारा. चंद्रहासरावांना तो खोलीतून कुठूनही आपल्याकडे बघतोय असं वाटे. आतून मात्र कपाट पिवळट, गुळगुळीत, आणि हुंगलं तर कॉफीचा वास.

बॅगा रिकाम्या झाल्या आणि माळ्यावर गेल्या. जमीन दिसू लागली. बुधवारी चारला शाळा पुन्हा उघडणार होती.

पहिली गोष्ट बुधवारी सकाळी झाली. चंद्रहासरावांनी शर्ट काढून डावं दार लावलं, तेवढ्यात उजवं दार आवाज न करता, सावकाश, वीतभर उघडलं. त्यांनी उजवं लावलं. डावं उघडलं. कपाट श्वास घेत होतं. सरळ उभे राहून चंद्रहासराव काही वेळ त्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवत राहिले, आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच चहा करायला निघून गेले.

चार वाजता उर्वी आली. बसली. वही उघडली. चंद्रहासराव म्हणाले, “तर, अक्षांश म्हणजे—”

ठक्. ठक्. ठक्.

आतून. कोणीतरी सभ्यपणे, बोटाच्या पेराने, दार वाजवावं तसं.

उर्वीने कपाटाकडे पाहिलं. मग आजोबांच्या हातांकडे. मग कपाटाचं उजवं दार वीतभर उघडलं.

“आजोबा, इट्स नॉट फनी,” ती म्हणाली, आणि दोन सेकंदांत खोलीत फक्त तिची वही होती.

गुरुवारी ती दारापर्यंत आली. ठक् ठक् ठक् झालं आणि गेली. शुक्रवारी आलीच नाही. चंद्रहासराव चार ते पाच खुर्चीत बसून राहिले. कपाटावरचा चेहरा त्यांच्याकडे बघत राहिला.

नंदूने ड्राइव्हवेतून निदान केलं. “काका, वाळवी. आतून खाते आणि डोकं आपटते.”

“चारच वाजता?”

“शिस्तीची असेल. इटालियन ना.”

मीनाक्षीबाई म्हणाल्या, “पाठ दक्षिणेला आहे ना नक्की?” विनय म्हणाला, “बाबा, लाकूड आहे, वाजणारच.” आणि मयूरा म्हणाली, “बाबा, उर्वी पुढच्या खोलीवरून बाथरूमला जातसुद्धा नाही. मागच्या दाराने बाहेर पडून गॅरेजमधून फिरून जाते. पुढच्या शनिवारी हार्ड रबिशची गाडी बुक केली आहे मी. कौन्सिलचा ट्रक येतो, फुटपाथवर ठेवलेलं मोठं सामान घेऊन जातो. मला वाईट वाटतंय, पण मूल घाबरलंय.”

आठवडाभराची मुदत होती. कपाट गेलं तर बॅगा खाली येणार होत्या, बॅगा खाली आल्या की शाळा कायमची जाणार होती. आणि कपाट राहिलं तर विद्यार्थिनीच येणार नव्हती. चंद्रहासरावांनी रात्र नव्हे, पण अख्खी सकाळ विचारात घालवली. घाबरलेल्या मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणून उपयोग नसतो, हे ते बत्तीस वर्षांत शिकले होते. घाबरलेल्या मुलाला काम द्यावं लागतं.

त्यांनी एक वही आखली. तारीख, वेळ, किती ठोके, दार कुठलं, वास, इतर. वर लिहिलं, ‘निरीक्षण वही’. ती पेन्सिलीसकट उर्वीच्या खोलीच्या दाराखालून आत सरकवली. पाच मिनिटांनी ती परत बाहेर आली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मी कॉरिडॉरमध्ये बसेन. दीड मीटर अंतर. भुतापासूनही.’

सोमवारपासून शाळा कॉरिडॉरमध्ये भरू लागली. उर्वी भिंतीला पाठ लावून, चंद्रहासराव दारात. चारला ठोके, पेन्सिलीचा आवाज, मग शांतता. ती शांतता त्या वर्षीची होती. बाहेर गाडी नाही, कुत्रं नाही, लांब कुठेतरी पोलिसांचं हेलिकॉप्टर. घरातलं घड्याळही दबकत चालल्यासारखं वाटे.

“वास?” चंद्रहासरावांनी विचारलं.

“कॉफी.” तिने लिहिलं. “आजोबा, मम्मी इज अ‍ॅट वर्क. कॉफी कोण पितं?”

“लिही. ‘कारण माहीत नाही’ असं लिही. तेही निरीक्षणच असतं.”

दारांचा प्रश्न मंगळवारी सुटला. उर्वीने लांबून मोजपट्टीने डावं दार ढकललं, उजवं उघडलं. तिने पुन्हा ढकललं. “इट्स लाइक अ सिरिंज,” ती म्हणाली. चंद्रहासरावांना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दारं इतकी चोख बसवलेली होती की आतली हवा बाहेर जायला फट नव्हती. एक दार लावलं की कोंडलेली हवा दुसऱ्याला ढकलून देई. असं बसवायला सुताराला किती दिवस लागले असतील, याचा दोघांनी बराच वेळ अंदाज केला, आणि तो करता करता उर्वी दीड मीटरवरून एक मीटरवर आली.

बुधवारी दुपारी वादळ झालं आणि तीन वाजता वीज गेली. चार वाजले. पेन्सिल तयार होती. काहीच झालं नाही. सव्वाचार. कपाट गप्प. उर्वीने वहीत शून्य लिहिलं आणि आजोबांकडे पाहिलं. दोघांच्याही डोक्यात एकच गोष्ट आली आणि दोघांनीही मान वर करून छताकडे पाहिलं.

हीटर.

विनयला विचारलं. तो लॅपटॉपमागून म्हणाला, “हो, तीन पन्नासला सुरू होतो. पुढच्या खोलीपुरता. मीच सेट केलाय जूनमध्ये.”

“का?”

विनय जरा ओशाळला. “तुमच्या क्लासला थंडी वाजते ना दोघांना.”

चंद्रहासरावांनी चष्मा पुसला.

मग उर्वीने ‘फेअर टेस्ट’ मागितली, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. ती तिला तिच्या शाळेने शिकवली होती आणि चंद्रहासरावांना त्या शाळेबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. गुरुवारी हीटर सकाळी दहाला लावला. दहा वाजून दहा मिनिटांनी : ठक्. ठक्. ठक्. तीन पाचरी, वरून गरम हवा, लाकूड आखडतं, एकेक पाचर सुटून जागेवर बसते. तीन पाचरी, तीन ठोके. शुक्रवारी पुन्हा केलं, अकराला. पुन्हा तेच. उर्वीने खोलीत पाऊल टाकलं, सरळ कपाटापाशी गेली आणि एत्तोरेच्या लाकडी नाकावर बोट ठेवलं.

मयूराने शनिवारचा ट्रक रद्द केला. कपाट हीटरपासून दूर, पूर्वेच्या भिंतीला सरकवलं. मीनाक्षीबाईंना रोज संध्याकाळी ते व्हिडिओवर दाखवावं लागे, तेव्हा चंद्रहासराव फोन असा काही फिरवत की चिंचवडला पूर्व ही दक्षिण दिसे. आयुष्यभर दिशा शिकवलेल्या माणसाला हे करताना काय वाटलं असेल, त्याची कल्पना करावी.

त्यांनी असुंताआजींना फोन करून सगळं समजावून सांगितलं. भूगोलाच्या शिक्षकाला एकदा कारण सापडलं की ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

आजींनी ऐकून घेतलं. “गॅरेजमध्ये हीटर नव्हता. सहा वर्षं तिथे होतं. चारला बोलायचा.”

“गॅरेजचं दार पश्चिमेला होतं,” चंद्रहासराव म्हणाले. “दुपारचं ऊन.”

“आणि आमच्या गावी? तिथे स्वयंपाकघरात होतं.”

“चारला तुम्ही कॉफीसाठी स्टोव्ह पेटवत असाल. त्याची उष्णता.”

मग आजी हळू म्हणाल्या, “एत्तोरेचं दुकान खाली होतं. काम संपलं की तो हातात असेल त्या लाकडावर तीनदा ठोकायचा. कॉफी कर, म्हणून. एकदा चार महिने तो मिलानला कामाला होता. तेव्हाही चारला वाजायचं. वाजायचं, म्हणून मी स्टोव्ह पेटवायचे. आधी तो. मग स्टोव्ह.”

चंद्रहासरावांनी फोन ठेवला आणि हे उर्वीला सांगायचं नाही असं ठरवलं. उर्वी दारात उभी होती. फोन स्पीकरवर होता.

“आजोबा,” ती म्हणाली, “सो वी नो व्हाय. वी डोन्ट नो हू.”

पुढचे काही आठवडे कपाटाने चकार शब्द काढला नाही, आणि इथून चंद्रहासरावांची खरी पंचाईत सुरू झाली.

बॅगा नव्हत्या. भूत नव्हतं. खोलीत ऐसपैस जागा होती. आणि उर्वीला कंटाळा आला. वहीत रोज शून्य लिहायचं म्हणजे काय! ऑक्टोबरात तिची शाळा उघडली, मैत्रिणी भेटल्या, झोक्यांवरच्या पट्ट्या सुटल्या. ती पावणेचारला घरी यायची, सफरचंद खायची आणि सायकलवर बसायची. “टुमॉरो, आजोबा, प्रॉमिस.” मराठीचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला तर तो ‘आजोबा’. तोही आता घाईत.

भुताने विद्यार्थिनी पळवली होती, तेव्हा निदान भुताशी भांडता येत होतं. सायकलशी कसं भांडणार?

नोव्हेंबरातला एक मंगळवार. चंद्रहासरावांनी असं काही करायचं ठरवलं जे त्यांनी बत्तीस वर्षांत कुठल्याही परीक्षेत कोणाला करू दिलं नव्हतं. त्यांनी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. कपाटाशेजारी खुर्ची घेतली, एका हाताने मांडीवर नकाशाची वही धरली आणि लाटण्याचा हात खुर्चीमागे नेला. उर्वी हेल्मेट घालून दारावरून जाईल त्या क्षणी कपाटाच्या बाजूच्या फळीवर तीन ठोके. बास. एकदा ती थांबली की पुढचं शिकवायला ते समर्थ होते. आपण नातीला फसवणार आहोत या विचाराने त्यांचे कान गरम झाले होते. समोरच्या आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. तो लाटणं चोरलेल्या माणसाचाच होता.

घड्याळात चार वाजले. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली. हेल्मेटचा पट्टा लावल्याचा टक् आवाज. उर्वी दारात आली. चंद्रहासरावांनी लाटणं उचललं.

ठक्. ठक्. ठक्.

लाटणं हवेतच होतं.

उर्वी दारात थबकली. तिने आजोबांचा वर गेलेला हात पाहिला, त्यातलं लाटणं पाहिलं, लाटणं आणि कपाट यांच्यामधलं वीतभर अंतर पाहिलं. नऊ वर्षांची मुलगी, पण फेअर टेस्ट शिकलेली. तिला सगळं कळलं.

चंद्रहासरावांचं डोकं भराभर कारणं शोधू लागलं. हीटर? महिनाभर बंद. ऊन? आभाळ भरलेलं होतं, आणि पूर्वेच्या भिंतीला दुपारी ऊन येतच नाही. वारा? खिडकी बंद. शिवाय ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी सगळ्या राज्याने घड्याळं एक तास पुढे केली होती. भिंतीवर चार वाजले होते खरे, पण आकाशात अजून तीनच वाजले होते. लाकडाला तापायचं असेल तर ते सूर्याप्रमाणे तापणार. घड्याळ पुढे केल्याचं लाकडाला कोण सांगणार?

घड्याळ कुणाला कळतं? माणसाला.

कपाटाचं उजवं दार आवाज न करता वीतभर उघडलं. कॉफीचा वास आला. लाटणं कुठे ठेवावं हे चंद्रहासरावांना सुचेना.

उर्वीने हेल्मेट काढलं. ते दाराच्या कडीला अडकवलं. कोपऱ्यातलं छोटं स्टूल उचलून कपाटाच्या उघड्या दारासमोर ठेवलं, आपली खुर्ची ओढली आणि निरीक्षण वही उघडून वेळ लिहिली. मग कपाटाकडे बघून, पाहुण्यांशी बोलावं तशा स्वच्छ मराठीत ती म्हणाली,

“या ना. बसा. आजोबा आत्ताच सुरू करतायत.”

चंद्रहासरावांनी लाटणं पाठीमागे लपवलं. घसा साफ केला. पटावर एकाची दोन नावं झाली होती, आणि हजेरी घ्यायला हवी होती.